पारवीचा झगा

कापडावर खडूची रेघ खांद्यापासून मुंढ्यापर्यंत एका दमात यायची, ती मधेच हलली आणि मास्तरांनी हात थांबवला. पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या बडबडीनं, बाहेरच्या भोंग्यांनी, कशानंच त्यांची रेघ हलली नव्हती. आत्ता हलली ती दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या एका वाक्यानं. "बाबा, मला एक गाऊन शिवून द्याल?" कामावर जाता जाता ती डोकावली होती. खांद्याला पिशवी, एक पाय अजून पायरीवरच. नाही म्हणाले तर तसंच मागच्या मागं निघून जाता यावं अशी उभी. मास्तरांनी ब्रशनं रेघ झटकली, कापड उगाचच सारखं केलं. गुंडी एकोणतीस वर्षांची झाली होती. लहानपणी कापडांच्या चिंध्यांत बटणासारखी हरवायची, म्हणून गुंडी. तिनं आपल्याकडं शेवटचं काही मागितलं ते कधी, हे त्यांना आठवेना. शाळेची फी मागितली असेल. सहलीची परवानगी. नंतर ती नोकरीला लागली, ग्रंथालयात, आणि मागायचीच बंद झाली.

"गाऊन?" कोपऱ्यात काजं करत बसलेल्या मावशींनी सुई न थांबवता विचारलं. "घरात घालायचा ना? अगं, तो रस्त्यावर ढिगानं मिळतो. त्यासाठी बापाला कशाला कामाला लावतेस?" मावशी कुणाच्या मावशी होत्या कोण जाणे, वीस वर्षं त्या या दुकानात कोटांची काजं करत होत्या आणि दुकानात येणारा प्रत्येकजण त्यांचा भाचा होता. गुंडी हसली. "तसला नाही हो मावशी. पायघोळ. झगाच म्हणा. पुस्तकातल्या एका बाईचा आहे." ग्रंथालयाला पन्नास वर्षं होत होती. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी तिथं कार्यक्रम होता, येणाऱ्यांनी आपल्या आवडत्या पुस्तकातल्या कुणाच्या तरी वेशात यायचं होतं. तिनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. पुस्तकाच्या एका पानाची झेरॉक्स होती. "यात सगळं वर्णन आहे," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "मी कोट शिवतो." ती म्हणाली, "म्हणूनच." आणि पायरी उतरून गेली.

त्या 'म्हणूनच'चं काय करायचं ते मास्तरांना दिवसभर कळलं नाही. कोट शिवतो म्हणून काय? दुसरीकडं जा असं त्यांना म्हणायचं होतं की नाही, हेही आता नक्की सांगता येईना. दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांनी चष्मा पुसून कागद हातात घेतला. अर्धं पान भलत्याच गोष्टींचं होतं, बंदर, धुकं, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. खालच्या अर्ध्या पानात झगा होता. गावातले लोक तिला पारवी म्हणत, कारण तिचा झगा पारव्या रंगाचा होता. चालताना तो कधी गडद दिसे, कधी फिका. गळ्याला पुरुषी कॉलर, समोर पाच गुंड्या, काजं डाव्या बाजूला. कमरेखाली मात्र घेर इतका की ती वळली तरी झगा क्षणभर मागंच राही. मास्तरांनी पुन्हा वाचलं. काजं डाव्या बाजूला. पुरुषाच्या कोटाला काजं डावीकडं असतात, बाईच्या कपड्याला उजवीकडं. हे शिवणाऱ्याच्या पोराला पण ठाऊक असतं. "लिहिणाऱ्याला शिवणातलं कप्पाळ कळतंय," ते म्हणाले. मावशींनी मान वर केली. "काय झालं?" "काही नाही. चूक आहे पुस्तकात." चूक एकदा दिसली की ती दिसेनाशी करता येत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं होतं. रस्त्यात पुढं चालणाऱ्या माणसाच्या पाठीला चुणी दिसली तर ते चौकापर्यंत त्याच्या मागं जात.

संध्याकाळी घरी मापं घ्यायची होती. खिडकीतून अजून उजेड येत होता, जेवणाचं टेबल बाजूला सरकवलं होतं, गुंडी खोलीच्या मधोमध हात सैल सोडून उभी होती. मास्तरांनी हजारो माणसांना असं उभं केलं होतं. जाड माणसं श्वास रोखायची, बारीक माणसं छाती फुगवायची, आणि ते म्हणायचे, रोज जसे उभे राहता तसे राहा, कोटाला खोटं चालत नाही. मुलीला तसं म्हणता येईना. त्यांनी मागून खांद्याला टेप लावला आणि त्यांच्या लक्षात आलं की या खांद्याला आपला हात कित्येक वर्षांत लागलेला नाही. पाठ, बाही, उंची त्यांनी मोजली. बाकीची मापं घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी न बोलता टेप तिच्या हातात दिला आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. ती एकेक आकडा सांगत गेली, ते वहीत उतरवत गेले, समोरच्या इमारतीत कुणीतरी वाळत टाकलेली गादी आत घेत होतं. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली होता. तिच्या आईचाही होता.

तिची आई बायकांचे कपडे शिवायची. याच घरात, या खिडकीशी, मशीनवर वाकून. पाठीला बाक येत गेला, डोळ्यांवर जाड भिंगं आली, आणि मग एका हिवाळ्यात छातीत कफ धरला त्यातून ती उठलीच नाही. गुंडी तेव्हा अकरा वर्षांची होती. तोवर तिचे सगळे कपडे आईच्या हातचे असत. नंतर मास्तर तिला घेऊन तयार कपड्यांच्या दुकानात गेले. कात्रीवर पोट भरणारा माणूस मुलीसाठी हँगरवरचे फ्रॉक चाचपत होता. दुकानदारानं ओळखलं आणि डोळे दुसरीकडं वळवले. फ्रॉक शिवायला असं काय मोठं लागतं. पण त्यांनी एकदा कापड पसरलं होतं आणि मुलीच्या अंगाचा काप काढायला घेतला तेव्हा हात पुढं जाईना. त्याच सुमारास ती शाळेतून आली की आईच्या मशीनवर जाऊन बसायला लागली. पायडलवर नुसते पाय हलवायची, दोरा न ओवता. मास्तरांनी महिन्याभरात मशीन विकून टाकलं. "या धंद्यात पडायचं नाही," ते म्हणाले होते. "शिक, खुर्चीवर बस, पंख्याखाली काम कर. कात्रीला हात लावलेला मला चालणार नाही." ती शिकली, खुर्चीवर बसली. त्यांना तेव्हा फार मोठं काहीतरी साधल्यासारखं वाटलं होतं.

कापड आणायला त्यांना तीन दिवस लागले. पारवा म्हणजे नेमका कोणता, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका दुकानात शिशासारखा दाखवला, दुसऱ्यात राखेसारखा, तिसऱ्या दुकानातली मुलगी म्हणाली, काका, ग्रे म्हणा ना सरळ. मास्तर ठाण दारापर्यंत नेऊन उन्हात उलटसुलट करायचे आणि मान हलवायचे. कधी गडद, कधी फिका. शेवटी एका जुन्या दुकानात उभाआडवा वेगळा धागा असलेलं दुरंगी कापड निघालं. हात फिरवला की पाण्यावरून वारा गेल्यासारखा रंग बदलायचा. ते घेऊन येताना त्यांना वाटलं, जमलं. आणि दुकानाची पायरी चढेपर्यंत वाटायला लागलं की नाही जमलं. लिहिणाऱ्यानं दुरंगी कापड म्हटलं असतं ना मग. वर्णन करणारा माणूस इतकं बारीक बघतो, घेर मागं राहतो हे त्याला दिसतं, मग काजांत चुकतो कसा? त्यांनी मांजरपाटाचा कच्चा झगा बेतला. वरचा भाग कोटासारखा आला, अगदी फर्मास, खालचा घेर जोडल्यावर मात्र तो कुणीतरी कमरेत कापून दुसऱ्याच माणसाला चिकटवल्यासारखा दिसायला लागला. त्यांनी उसवला, घेर उरेब, धाग्याला तिरपा, कापला, पुन्हा जोडला. पुन्हा तेच. "एक कोट आणि एक बाई, भांडण झाल्यावर एका खोलीत कोंडल्यासारखे दिसताहेत," मावशी म्हणाल्या. मास्तर हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली, आणि असं याआधी कधी झालं होतं ते मावशींनाही सांगता आलं नाही.

रविवारी गुंडी मैत्रिणीकडं गेली होती. मास्तर तिच्या खोलीच्या दाराशी गेले, आणि खोली रिकामी आहे हे ठाऊक असूनही त्यांनी दारावर टकटक केली. आत पुस्तकंच पुस्तकं. पारवीचं पुस्तक उशाशीच होतं, पाठ वाकलेलं, पुन्हा पुन्हा उघडलेलं. ते कसं, कुठल्या कोनात ठेवलं होतं हे नीट बघून त्यांनी ते उचललं आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले. त्यांना वाचायची सवय नव्हती. शब्दाखाली बोट धरून, एखाद्या शिवणीवरून जावं तसे ते ओळीवरून जात राहिले. बंदराच्या गावी एक कारकून होता. त्याच्याकडं सहा कोट होते, सगळे पारवे, एक जुना झाला की दुसरा तसाच. घरात फारसा बोलत नसे. कोटांच्या कपाटाला कुलूप असे. त्याला एक मुलगी होती. नवव्या पानावर कारकून मेला.

मास्तरांचं बोट तिथंच थांबलं. मग पुढं सरकलं, कारण सरकणं भाग होतं. मुलीनं कपाटाचं कुलूप तोडलं. सहाही कोट टेबलावर घेतले आणि दार लावून एकेक उसवायला बसली. तिला शिवण येत नव्हतं, कुणी शिकवलंच नव्हतं. कोट कसा बनतो हे तिनं कोट मोडून शिकून घेतलं, आणि त्या सहांच्या कापडातून स्वतःचा झगा शिवला. म्हणून कधी गडद, कधी फिका. सहा कोट सहा वेगवेगळ्या उन्हांत विटलेले. म्हणून काजं डावीकडं. समोरचा भाग तिनं बापाचाच ठेवला होता, जसाच्या तसा, काजांसकट. लिहिणारा कुठंही चुकला नव्हता. मास्तरांना आधी, अगदी पहिल्या क्षणी, त्या लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटला. मग बोट पुढं सरकलं. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. दोनदा ओढलेली, दुसऱ्या वेळी कागद दबेल इतकी: बाप होता तोवर तिनं त्याचा कोट आतून कधी पाहिला नव्हता.

 ऊन खुर्चीच्या पायावरून सरकत भिंतीवर गेलं. मेलेल्या बापाच्या कपड्यांचा झगा, आणि तो शिवून दे म्हणून जिवंत बापालाच सांगायचं. पान तेवढंच दिलं तिनं, आधीची पानं नाही. मुद्दाम? की तिच्या मनातही नव्हतं, तिला नुसता रंग आवडला होता? दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली होती आणि अकरा दिवस ते दवाखान्यात होते. पहिल्या तीन दिवसांतलं त्यांना काही आठवत नव्हतं. चौथ्या दिवशी नीट भान आलं तेव्हा गुंडी शेजारच्या स्टुलावर होती, त्यांच्याकडं बघत. रडली नव्हती. त्या बघण्यात काय होतं ते आज त्यांना आठवून आठवून बघावंसं वाटायला लागलं. माणूस कपाटाकडं बघतो तसं होतं का ते? छे. काय वाटेल ते. त्यांनी पुस्तक होतं त्या कोनात ठेवलं, उशीवरची सुरकुतीसुद्धा पुन्हा तशीच पाडली, बाहेर आले, आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले ते पाणी न पिताच परत आले.

"मावशी," दुसऱ्या दिवशी त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "गुंडीला माझ्या जाण्याची घाई झाली असेल का हो?"

मावशींनी काजातून सुई ओढली, दोरा दातानं तोडला. "सकाळपासून पोटात काही आहे का?"

"विचारतोय त्याचं बोला."

"काय बोलू? अहो, पोरगी दवाखान्यात अकरा दिवस सुकून काटकी झाली होती. घाई झाली म्हणे." त्यांनी दुसरं काज पुढं ओढलं. "पुस्तकं कसली वाचता लपूनछपून? तिला विचारा की."

"लपूनछपून वाचलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मावशी काजावर आणखी खाली वाकल्या. मावशी गप्प होणं ही काही रोजची गोष्ट नव्हती, पण मास्तरांचं डोकं दुसरीकडंच होतं. विचारायचं म्हणजे काय विचारायचं? घरी दोघं समोरासमोर जेवत होते. ती म्हणायची, मीठ द्या. ते म्हणायचे, उद्या उशीर होईल का. बापलेकींमधली बोलायची वाट त्यांनी कधी शिवलीच नव्हती. आता ऐनवेळी टाचण्या लावून कशी उभी करणार? आणि मग, बोलता येत नाही त्या माणसाला जे येतं ते त्यांनी केलं. ते शिवायला बसले. मांजरपाटाचा नाद सोडून सरळ दुरंगी कापडाला कात्री लावली. कोट आणि घेर यांचं भांडण अचानक मिटलं. कंबरेची शिवण त्यांनी पाठीकडं उतरती नेली आणि घेर कोटातूनच ओघळल्यासारखा यायला लागला. आकार धरायला छातीत कॅनव्हास घातला, कॉलरला वाफ देऊन मान दिली, प्रत्येक टाका असा घातला की हा माणूस आहे, अजून आहे, हे बघणाऱ्याला कळावं. आणि काजं त्यांनी उजवीकडं आखली. बाईच्या कपड्याची काजं जिथं असतात तिथं. मावशींनी आखणी पाहिली, कागदावरचं वर्णन पाहिलं, मास्तरांकडं पाहिलं आणि मुकाट्यानं उजवीकडची पाच काजं करून दिली.

गुरुवारी ग्रंथालय बंद असे. दुपारी गुंडी ट्रायलला आली. पडद्यामागून झगा घालून ती आरशासमोर आली तेव्हा दुकानातला पंखाच काय तो आवाज करत होता. ती वळली. घेर क्षणभर मागं राहिला आणि मग तिच्यामागं आला. मावशींच्या तोंडून "बाई गं" एवढंच निघालं. मास्तर तोंडात टाचण्या धरून खाली वाकले, उंची बघितली, उठले, मागं सरले. एक चुणी नव्हती. पाव इंच खाली असलेला डावा खांदा त्यांनी आतून उचलून घेतला होता, कुणाला कळलंही नसतं. गुंडीनं आरशात बघत बघत गुंड्या लावायला घेतल्या आणि तिची बोटं थांबली.

"काजं उजवीकडं केलीत."

"बायकांची उजवीकडंच असतात."

"पानात डावीकडं लिहिलंय, बाबा."

"पानात चूक आहे."

"चूक नाही ती."

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या गादीत खुपसल्या. "माहीत आहे. वाचलं मी पुस्तक."  त्यांना थांबायचं होतं, पण वाक्य आधीच कापलं गेलं होतं. "समोरचा भाग बापाच्या कोटाचा आहे म्हणून डावीकडं. मेलेल्या बापाच्या. मी अजून मेलेलो नाही, गुंडी."

मावशी उठल्या, बसल्या, चहा टाकते म्हणाल्या आणि टाकला नाही. गुंडीनं आरशातूनच त्यांच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेचा पेपर हातात पडावा तसा चेहरा होता. "पूर्ण वाचलंत?" तिनं विचारलं. "नवव्या पानापर्यंत. आणि थोडं पुढं." "मला वाटलं होतं वाचाल," ती म्हणाली. "पुस्तक हातात दिलं असतं तर उघडलं नसतंत. नुसतं पान दिलं, त्यात डावीकडची काजं. ती बघून तुम्ही स्वस्थ बसणार नाही हे मला ठाऊक होतं." ती पडद्यामागं गेली, आपले कपडे घालून आली आणि झगा टेबलावर पसरून, विचारल्याशिवाय, ब्लेड उचललं. मास्तर पुढं झाले आणि तिथंच थांबले. तिनं उजव्या पुढ्याची, समोरच्या भागाची, शिवण उलटी केली, दर चौथ्या टाक्याखाली ब्लेडचं टोक नेऊन एकेक छेद दिला, मग मागच्या बाजूनं दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. सगळी शिवण एका ओढीत सुटली. कापडाला ओरखडा नाही. हे सगळं तिनं डाव्या हातानं केलं. हात सोडला तर असंच मास्तर उसवत असत. असं उसवणारं दुसरं कुणी त्यांनी बघितलं नव्हतं.

"कुणी शिकवलं हे?"

"तुम्ही."

"मी कधी शिकवलं?"

"तुम्ही घातलाय त्या कोटानं," गुंडी म्हणाली.

मास्तरांनी खाली बघितलं. अंगात त्यांचा रोजचा करडा कोट होता, त्यांनीच बारा वर्षांपूर्वी शिवलेला. ती ब्लेड बाजूला ठेवून सांगत गेली, त्यांच्याकडं न बघता, झग्याचा पुढा हातानं सारखा करत. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं होतं. चोवीस तास काहीच सांगता येत नाही म्हणाले होते. कपडे आणायला ती घरी आली तर हा कोट खुंटीला होता. "मी पुस्तक तेव्हाच वाचत होते. मला ते नको होतं, बाबा. तुम्ही गेल्यावर कपाट उघडायचं आणि मग तुम्ही काय करत होतात ते कळून घ्यायचं. म्हणून तुम्ही असतानाच उसवला."

"सगळा?"

"सगळा. कॉलर, लॅपल, आतला कॅनव्हास, अस्तर. जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवला, तुकड्यांवर नंबर घातले. आत इतके टाके आहेत जे कुणालाच कधी दिसणार नव्हते. मला ते माहीतच नव्हतं. मग फोन आला. तुम्ही डोळे उघडलेत आणि चहा मागितलात."

मावशींना हसू आवरेना. "आणि मग पोरीची पळापळ," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत मास्तर घरी यायचे आणि कोटाचे सव्वीस तुकडे टेबलावर. माझ्याकडं आली रडत. मी वाफ कशी द्यायची तेवढं सांगितलं हो. शप्पथ, सुईला हात नाही लावला."

"पुस्तकाचंही तुम्हाला माहीत होतं तर," मास्तर म्हणाले.

"ते मी कशी सांगणार? तुम्ही आपणहून वाचावं असं पोरीला वाटत होतं." मावशींनी त्यांची नजर चुकवली.

मास्तर स्टुलावर बसले आणि लगेच उठले. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा तो कोट घातला तेव्हा तो अंगावर जरा वेगळा बसल्यासारखा वाटला होता, हे त्यांना आता स्वच्छ आठवलं. आजारात आपण झिजलो, असं ते धरून चालले होते. आरशासमोर उभं राहून आपल्या खांद्यांची कीव केली होती. गुंडीच्या बोटांना पट्ट्या होत्या. विचारलं तर ती म्हणाली होती, काच फुटली. दोन वर्षं. दोन वर्षं तो कोट घालून ते लोकांच्या पाठीवरच्या चुण्या मोजत हिंडत होते. त्यांनी कोट काढला, उलटा केला, दाराच्या उजेडात नेला. कॉलर बघितली, लॅपलच्या आतले बारीक टाके बघितले, अस्तराची कड बोटानं चाचपली. स्वतःचा हात आणि तिचा हात यांत फरक कुठं आहे ते सापडेना. कौतुक वाटत होतं की अपमान झाला होता की कुणीतरी आपल्याला आतून बघून घेतल्याची लाज वाटत होती, काही उलगडत नव्हतं. सगळे दोरे एकाच रिळाला गुंडाळलेले. मग डाव्या मुंढ्याच्या आत, खाली, जिथं बाही काखेत वळते तिथं, टाके दुसऱ्या दिशेला कललेले दिसले. डावऱ्या हाताचे टाके. शेवटचे आठदहा जरा ओढलेले होते.

"इथं दोरा ओढलाय," ते म्हणाले. 

गुंडी वाकून बघायला आली. "माहीत आहे. बाकीचे टाके तुमच्यासारखे कलते घातले होते, इथं वेळ संपला होता. तुम्ही दुसऱ्या दिवशी येणार होतात." मग ती म्हणाली, "उसवून नीट करून देऊ?"

"नको." त्यांनी कोट पुन्हा अंगात घातला. मग स्वतःचं स्टूल पायानं टेबलाकडं सरकवलं, ज्यावर पस्तीस वर्षांत दुसरं कुणी बसलं नव्हतं. "काजं डावीकडं घ्यायची तर पुढा नवा कापावा लागेल. कापड आहे शिल्लक. बस." ती बसली. मास्तरांची कात्री उजव्या हाताची, तिला ती जड जात होती, बोटं उलटी अडकत होती; तरी पहिला काप सरळ गेला. मास्तर तिच्या मागं उभे राहिले, बाजूला गेले, पुन्हा मागं आले, खडू उचलला, ठेवला. शिकवायचं असं काही हाताशी येत नव्हतं, आणि न शिकवता उभं राहायचं कसं ते ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात ते तीनदा बाहेर जाऊन आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तिनं कॅनव्हास लावायला घेतला होता आणि मावशी शेजारी बसून, सुई हातात धरून, डाव्या बाजूला काजं आखून द्यायची वाट बघत होत्या.

शनिवारी मास्तर ग्रंथालयात गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत राजे होते, चेटकिणी होत्या, एक गृहस्थ पांढरी दाढी लावून उन्हातान्हातून आल्यासारखे घाम पुसत होते. गुंडी दुसऱ्या टोकाला कपाटांजवळ होती. खिडकीतून येणाऱ्या उजेडात झगा गडद होत होता आणि फिका होत होता. बायका थांबून कॉलरला हात लावत होत्या, आणि ती काहीतरी सांगत होती, बहुधा काजांचं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांचं लक्ष पुढ्याच्या खालच्या कोपऱ्याकडं जात होतं, तिथं एक दोराभर तिरपं होतं, आणि ते सांगावं की सांगू नये हे सकाळपासून ठरत नव्हतं. बिल्ला लावलेल्या, यादी हातात घेतलेल्या एक बाई त्यांच्याजवळ आल्या. त्यांनी त्यांचा करडा कोट वरपासून खालपर्यंत बघितला आणि हसून विचारलं, "आणि आपण कोण झालात?"

मास्तरांनी आपल्या कोटाकडं पाहिलं. मग त्यांनी खोलीच्या पलीकडं बोट केलं. "तिचा बाप."

"पारवीचा?" बाईंनी यादीतून डोकं वर काढलं. "पण तो तर सुरुवातीलाच मरतो ना?"

"नवव्या पानावर," मास्तर म्हणाले.

पलीकडून गुंडीनं त्यांना पाहिलं आणि डावा हात वर करून, इकडं या म्हणून खूण केली. मास्तरांनीही आलो म्हणून डावा हात वर केला. काखेत, डाव्या मुंढ्यात, दोरा किंचित ओढला गेला. हात त्यांनी लगेच खाली आणला नाही.